“त्याने तशी मागणी केल्यास”: परदेशातील अटक आणि आपला हक्क

(नाशिकमध्ये गंगापूर रोडवरील एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी निदान एक पासपोर्ट असेल, आणि तो नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापला जातो हे या गावात वेगळे सांगायला नको. त्या पुस्तिकेत भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती छापलेली असते. ज्यांचा ज्यांचा संबंध येईल त्या सर्वांनी पासपोर्टच्या धारकाला विनाअडथळा जाऊ-येऊ द्यावे आणि त्याला गरज पडेल ते सर्व साहाय्य व संरक्षण द्यावे, असा तिचा आशय आहे. पासपोर्ट हातात आला की आपण फोटो बघतो, नावाचे स्पेलिंग तपासतो, मुदत कधी संपते ते पाहतो; हे वाक्य सहसा कोणी वाचत नाही. मीही ते नीट वाचले ते पंधरा वर्षे वकिली केल्यानंतर, सातपूरच्या एका कुटुंबाचे काम माझ्याकडे आले तेव्हा. त्या कामाविषयी पुढे सांगेनच. आज मला बोलायचे आहे ते एवढ्यासाठी, की त्या विनंतीच्या मागे एक आंतरराष्ट्रीय करार उभा आहे, त्या कराराने तुम्हाला एक नेमका हक्क दिला आहे, आणि तो हक्क बहुतेक वेळा आपण स्वतःच्या तोंडाने मागितल्याखेरीज हाती येत नाही.

आता नाशिकमधून परदेशी कोण जात नाही? अंबड-सातपूरच्या कारखान्यातून यंत्र बसवून द्यायला तंत्रज्ञ जातो, निफाड-दिंडोरीकडचा द्राक्ष निर्यातदार रॉटरडॅमला आपला माल कसा उतरला ते पाहायला जातो, मुले जर्मनीत शिकायला जातात, वेल्डर आणि फिटर आखातात जातात, आणि लेकीच्या बाळंतपणासाठी आजी-आजोबा सहा महिने अमेरिकेत राहून येतात. यांपैकी कोणीही घरातून निघताना अटकेचा विचार करत नाही, कारण अटक गुन्हेगाराला होते आणि आपण गुन्हेगार नाही, अशी आपली साधी समजूत असते. माझ्याकडे आलेली प्रकरणे मात्र कामावरच्या अपघाताची, मुदत संपलेल्या व्हिसाची, घरमालकाशी झालेल्या वादाची किंवा दुसऱ्याने दिलेल्या पुडक्याची होती. भिंतीपलीकडून लहान मुलाच्या रडण्याचा आणि वडिलांच्या ओरडण्याचा आवाज ऐकून शेजाऱ्याने पोलिसांना बोलावल्याचेही एक प्रकरण त्यांत होते.

आपल्या राज्यघटनेच्या कलम २२ नुसार अटक केलेल्या माणसाला अटकेचे कारण सांगावे लागते, त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता येतो, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते. हे इतके आपल्या अंगवळणी पडले आहे की जगभर असेच असणार असे आपण धरून चालतो. परंतु विमानातून उतरल्या क्षणापासून तुमच्यावर त्या देशाचा कायदा चालतो आणि त्याची घड्याळे वेगळी असतात. इंग्लंडमध्ये १९८४ च्या पोलीस आणि फौजदारी पुरावा कायद्यानुसार साधारणपणे २४ तास ताब्यात ठेवता येते, गंभीर गुन्ह्यात वरिष्ठ अधिकाऱ्याच्या आदेशाने ३६ तास आणि न्यायालयाच्या परवानगीने ९६ तासांपर्यंत. पण त्याच कायद्याने पोलीस ठाण्यात वकिलाचा सल्ला विनामूल्य मिळतो, मग तुम्ही त्या देशाचे नागरिक असा वा नसा, श्रीमंत असा वा गरीब. जपानमध्ये पोलिसांचे ४८ तास, सरकारी वकिलाचे २४ तास आणि त्यानंतर न्यायाधीशाच्या परवानगीने दहा-दहा दिवसांच्या दोन मुदती, असे मिळून आरोप ठेवण्यापूर्वीच माणूस २३ दिवस कोठडीत राहू शकतो, आणि चौकशी चालू असताना वकील शेजारी बसण्याचा हक्क तेथे नाही. मात्र बार असोसिएशनकडून पाळीवरचा वकील एकदा विनामूल्य भेटायला येतो, आणि तो मागून घ्यावा लागतो. संयुक्त अरब अमिरातीत पोलिसांनी ४८ तासांत प्रकरण सरकारी अभियोक्त्याकडे पाठवायचे असते, न्यायालयाची भाषा अरबी असते, आणि पोलिसांसमोरच्या चौकशीत वकील हजर असेलच अशी हमी नसते.

या सगळ्यांवर काही समान छत्र आहे का, असा प्रश्न पडेल. नागरी आणि राजकीय हक्कांचा १९६६ चा आंतरराष्ट्रीय करारनामा आहे. अटकेचे कारण सांगणे, न्यायालयात भाषा कळत नसेल तर विनामूल्य दुभाषा देणे या गोष्टी त्यात आहेत आणि भारत त्याचा सदस्य आहे. पण सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर आणि मलेशिया हे आपली माणसे मोठ्या संख्येने जातात असे देश त्याचे सदस्य नाहीत. म्हणून मी माझ्या पक्षकारांना त्याच्या भरवशावर राहू देत नाही. ज्या करारात हे देशही आहेत, आणि भारत, अमेरिका, पाकिस्तान, चीनही आहेत, तो करार वेगळा आहे.

तो म्हणजे वाणिज्य दूतावासांसंबंधीचा १९६३ चा व्हिएन्ना करार. वाणिज्य दूतावास म्हणजे कॉन्सुलेट, परदेशात आपल्या नागरिकांची कामे पाहणारे आपल्या सरकारचे कार्यालय; पुढे मी त्याला नुसते दूतावासही म्हणेन. भारत त्यात १९७७ मध्ये सामील झाला. त्याचे कलम ३६ मी तुम्हाला सावकाश सांगणार आहे, कारण आजच्या विषयाचा गाभा तेथे आहे. परदेशी नागरिकाला अटक झाली, कोठडीत ठेवले किंवा अन्य कोणत्याही प्रकारे अडवून ठेवले, तर त्याने तशी मागणी केल्यास तेथील अधिकाऱ्यांनी त्याच्या देशाच्या वाणिज्य दूतावासाला विनाविलंब कळवले पाहिजे. त्याने दूतावासाला लिहिलेले पत्र किंवा निरोप विनाविलंब पोहोचवला पाहिजे. आणि त्याला हा हक्क आहे, हे अधिकाऱ्यांनी स्वतःहून त्याला विनाविलंब सांगितले पाहिजे. दूतावासाच्या अधिकाऱ्याला कोठडीत किंवा तुरुंगात येऊन त्याला भेटण्याचा, त्याच्याशी बोलण्याचा, पत्रव्यवहार करण्याचा आणि त्याच्यासाठी वकिलाची व्यवस्था करण्याचा हक्क आहे. “अन्य कोणत्याही प्रकारे” हे शब्द लक्षात घ्या. रीतसर अटक दाखवली नाही, नुसते बसवून ठेवले, इमिग्रेशनच्या केंद्रात ठेवले, तरी हे कलम लागू होते.

पण त्याहून महत्त्वाचे शब्द आहेत “त्याने तशी मागणी केल्यास”. काही देशांनी आपापसांत स्वतंत्र करार करून ठेवले आहेत, ज्यांमध्ये नागरिकाने मागणी केलेली असो वा नसो, दूतावासाला कळवावेच लागते. अमेरिकेने अशा देशांची यादी केलेली आहे. तीत चीन आहे, रशिया आहे, ब्रिटन आहे. भारत त्या यादीत नाही. याचा अर्थ असा, की टेक्सासमध्ये किंवा न्यू जर्सीत तुमच्या मुलाला अटक झाली, पोलिसांनी त्याला विचारले की तुमच्या दूतावासाला कळवायचे आहे का, आणि तो घाबरून किंवा लाजेने “नको” म्हणाला, तर ह्यूस्टनच्या किंवा न्यूयॉर्कच्या भारतीय अधिकाऱ्याला काहीही कळणार नाही, आणि कायद्याने त्यात कोणाचीही चूक नसेल.

पोलिसांनी विचारलेच नाही तर काय होते, याचे उदाहरण फार दुःखद आहे. लाग्रँड आडनावाचे दोन भाऊ जन्माने आणि नागरिकत्वाने जर्मन होते, लहानपणापासून अमेरिकेत वाढले होते. १९८२ मध्ये ॲरिझोनातील एका बँकेवरच्या दरोड्याच्या प्रयत्नात तेथील व्यवस्थापकाचा खून झाला, दोघांना अटक झाली आणि पुढे फाशीची शिक्षा झाली. आपल्याला जर्मन दूतावासाशी संपर्क साधता येतो, हे त्यांना कोणी सांगितले नाही. ते त्यांना इतर मार्गांनी समजले आणि त्यांनी दूतावासाला कळवले ते १९९२ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. १९९९ मध्ये काही दिवसांच्या अंतराने दोघांनाही देहदंड दिला गेला. दुसऱ्या भावाचा देहदंड थांबवावा असा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा आदेश निघालेला होता, तरीही तो थांबला नाही. २७ जून २००१ रोजी त्या न्यायालयाने निकाल दिला, की कलम ३६ हे दोन सरकारांमधले केवळ शिष्टाचाराचे कलम नाही, ते त्या अटकेतल्या माणसाला व्यक्ती म्हणून हक्क देते. गुन्हा त्या भावांनी केला होता, हे मी लपवत नाही. आपल्या देशाचा माणूस, चांगला वकील आणि लहानपणीच्या परिस्थितीची कागदपत्रे वेळेवर मिळाली असती तर शिक्षा कदाचित वेगळी झाली असती, हे मांडण्याची संधी मात्र त्यांच्याकडून गेली.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. कुलभूषण जाधव यांना ३ मार्च २०१६ रोजी ताब्यात घेतल्याचे पाकिस्तानने सांगितले आणि भारताला ते कळवले २५ मार्चला. भारताने पुन्हा पुन्हा भेटीची मागणी केली, ती मिळाली नाही, आणि १० एप्रिल २०१७ रोजी लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावल्याचे जाहीर झाले. भारत हेगला गेला. हरीश साळवे यांनी बाजू मांडली. हेरगिरीचा आरोप असलेल्या माणसाला हे कलम लागू होत नाही, असा पाकिस्तानचा एक युक्तिवाद होता. १७ जुलै २०१९ च्या निकालात न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक मतांनी तो नाकारला, तीन आठवड्यांनी कळवणे म्हणजे विनाविलंब कळवणे नव्हे असे सांगितले, आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करण्यास फर्मावले. येथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. न्यायालयाने त्यांची सुटका करण्याचा आदेश दिला नाही. हक्काचा भंग झाला हे सिद्ध झाल्यावरही मिळतो तो फेरविचार. अमेरिकेच्या बाबतीत तर तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मेडेलिन खटल्यात असे ठरवले, की हेगचा निकाल राज्यांच्या न्यायालयांना आपोआप बंधनकारक होत नाही. म्हणजे हक्क गेल्यावर तो परत मिळवण्याचा रस्ता लांबचा, खर्चाचा आणि अपुरा आहे. त्याचा खरा उपयोग पहिल्या काही तासांत आहे.

त्या पहिल्या काही तासांविषयीही एक बारकावा आहे. २००४ च्या मेक्सिको विरुद्ध अमेरिका या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले, की “विनाविलंब” याचा अर्थ चौकशी सुरू होण्यापूर्वीच असा होत नाही. माणूस परदेशी आहे हे लक्षात आले, किंवा तसे वाटण्यास कारण मिळाले, की त्याला सांगायचे. तेव्हा पोलीस प्रश्न विचारायला सुरुवात करून बसलेले असू शकतात. म्हणून तुम्हीच आधी बोला. “मी भारतीय नागरिक आहे, मला भारतीय वाणिज्य दूतावासाशी संपर्क साधायचा आहे, मला वकील हवा आहे, मला दुभाषा हवा आहे.” इंग्रजी येत असेल तर इंग्रजीत, नसेल तर हिंदीत, नाहीच तर मराठीत बोला, पण “इंडियन कॉन्सुलेट” हे दोन शब्द त्यात असू द्या; ते जगात कोठेही कळतात. बोललेली वेळ आणि समोरच्याच्या गणवेशावरचे नाव किंवा क्रमांक लक्षात ठेवा.

आता गप्प राहण्याविषयी. अमेरिकेत १९६६ च्या मिरांडा निकालापासून ताब्यातल्या माणसाला गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क सांगावा लागतो. परंतु २०१० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की नुसते गप्प बसणे पुरेसे नाही; एक संशयित जवळजवळ तीन तास गप्प होता, मग एका प्रश्नाला त्याने उत्तर दिले, आणि ते उत्तर त्याच्याविरुद्ध ग्राह्य धरले गेले. “मला गप्प राहायचे आहे” हे तेथे बोलून दाखवावे लागते. इंग्लंडमध्ये पोलीस जे बजावतात त्याचा आशय असा असतो, की बोलण्याचे बंधन तुमच्यावर नाही, पण जी गोष्ट पुढे न्यायालयात आधाराला घ्याल ती आत्ता विचारल्यावर सांगितली नाहीत, तर बचावाला बाधा येऊ शकते. अमेरिकेतला नियम ऐकून इंग्लंडमध्ये डोळे मिटून गप्प बसणे म्हणूनच धोक्याचे. तेथे आधी तो विनामूल्य वकील मागायचा आणि गप्प राहायचे की नाही हे त्याला विचारून ठरवायचे. आणि ब्रिटनच्या विमानतळावर २००० च्या दहशतवादविरोधी कायद्याच्या सातव्या परिशिष्टाखाली अडवले, तर प्रश्नांना उत्तर न देणे हाच गुन्हा होतो. इमिग्रेशनच्या काउंटरवर, देशात प्रवेश मिळण्यापूर्वी, सर्वत्रच आपले हक्क आखडलेले असतात. तेथे खोटे बोलायचे नाही, नाते, मुक्काम आणि परतीचे तिकीट याविषयी सरळ उत्तर द्यायचे, आणि न समजलेला प्रश्न पुन्हा विचारायला लावायचा.

रस्त्यावर थांबवले जाण्याविषयी एक साधी गोष्ट सांगते. आपल्याकडे पोलिसाने गाडी थांबवली की आपण उतरून, कागद घेऊन त्याच्याजवळ जातो. तो आपल्या दृष्टीने आदर असतो. अमेरिकेत नेमके हेच करायचे नाही. गाडीत बसून राहायचे, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे, आणि लायसन्स काढण्यापूर्वी “मी खिशात हात घालतो आहे” असे सांगायचे. गाडी तपासू का असे विचारले तर नम्रपणे “माझी संमती नाही” असे म्हणता येते. त्यांनी तरीही तपासली तर हाताने अडवायचे नाही, ते पुढे वकील पाहील. “मी जाऊ शकतो का?” हा प्रश्न विचारण्याचीही सवय ठेवा, कारण “जा” म्हटले तर विषय संपला आणि “नाही” म्हटले तर तुम्ही ताब्यात आहात हे स्पष्ट झाले. पैसे पुढे करण्याचा विचारही मनात आणू नका. लहानसा दंड भरून सुटणारे प्रकरण त्याने लाचेच्या गुन्ह्यात जाते. जपानमध्ये परदेशी माणसाने पासपोर्ट किंवा रहिवासी कार्ड सतत जवळ बाळगणे कायद्यानेच बंधनकारक आहे, तेथे “हॉटेलवर आहे” हे उत्तर चालत नाही.

आता ते सातपूरचे काम. एक तरुण फिटर आखातातल्या एका देशात होता. त्याच्या शेजारी काम करणारा माणूस उंचावरून पडला आणि दगावला. पोलीस आले, तिघांना घेऊन गेले, जबाब झाला. जबाब अरबीत लिहिला गेला. तेथे हजर असलेला एक सहकारी हिंदीत म्हणाला, “कुछ नहीं, बस फॉर्मॅलिटी है”, आणि आमच्या मुलाने सही केली. सुरक्षा पट्टा तपासण्याची जबाबदारी माझ्याकडे होती, असे त्या कागदात लिहिलेले होते, हे आम्हाला अनेक आठवड्यांनी भाषांतर मिळाल्यावर समजले. ती जबाबदारी त्याच्याकडे कधीच नव्हती. ती सही पुसता येत नाही; ती चुकीच्या समजुतीने झाली हे दाखवायला आम्हाला हजेरीपटापासून कामवाटपाच्या कागदांपर्यंत सगळे गोळा करावे लागले, आणि तोवर तो मुलगा आत होता.

त्याचे वडील माझ्याकडे आले ते रात्री, हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन. पिशवीत शाळा सोडल्याचा दाखला होता, आयटीआयचे प्रमाणपत्र होते, रेशन कार्ड होते, एजंटाची पावती होती. पासपोर्टची झेरॉक्स नव्हती. दूतावासाला कळवायचे तर पासपोर्ट क्रमांक हवा, आणि एजंट फोन उचलत नव्हता. शेवटी त्याच्या धाकट्या बहिणीने आपल्या मोबाइलमध्ये एक जुना फोटो शोधला. पासपोर्ट घरी आला त्या दिवशी भावाने आनंदाने तो उघडून हातात धरून काढलेला. वरच्या कोपऱ्यातल्या क्रमांकाचे शेवटचे दोन अंक त्याच्या अंगठ्याखाली झाकले गेले होते. त्या पानाच्या तळाशी बाणासारख्या चिन्हांनी भरलेल्या दोन ओळी असतात ना, त्यांतली दुसरी ओळ पासपोर्ट क्रमांकानेच सुरू होते. तेथून आम्ही तो पूर्ण वाचला. तुमच्या घरातले कोणी परदेशी असेल तर आज रात्री पाहा, त्या पानाची, व्हिसाची आणि कामाच्या कराराची प्रत घरी आहे का. आणि जाणाऱ्याला सांगा, की जो मजकूर वाचता येत नाही त्यावर सही करायची नाही. करावीच लागली, तर सहीशेजारी आपल्या हाताने, मराठीत का होईना, “मला ही भाषा वाचता येत नाही, मजकूर मला वाचून दाखवलेला नाही” असे लिहायचे. मराठीतली ती ओळ तेथे कोणी वाचणार नाही असे वाटेल, पण पुढे ती वाचणारा दुभाषा न्यायालयात उभा करता येतो.

मूळ पासपोर्ट मालकाकडे ठेवण्याची पद्धत आखातात अजूनही आढळते. आपल्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १७ नुसार पासपोर्ट ही नेहमीच केंद्र सरकारची मालमत्ता असते. तुमचीही नाही, तर मालकाची कोठून असेल? संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यानेही मालकाला तो अडकवून ठेवता येत नाही. मागूनही परत देत नसेल तर दूतावासात तक्रार करावी.

सामानाविषयी थोडे बोललेच पाहिजे, कारण दिवाळीच्या फराळाचे डबे येथून जातात आणि अनारशावर खसखस असते. खसखस संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये निषिद्ध वस्तूंत आहे, कारण ती अफूच्या झाडाचे बी आहे. ज्या घरात अनारसे पिढ्यान्‌पिढ्या होत आले त्या घरातल्या आजीला हे सुचणार नाही, म्हणून मुलांनी सांगावे. तसेच कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या. अमिरातीत त्या नेण्यासाठी आरोग्य खात्याची आधी परवानगी लागते, आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असली पाहिजे. आणि दुसऱ्याचे पुडके, मग तो सख्खा नातेवाईक का असेना, स्वतःच्या हाताने उघडून पाहिल्याशिवाय बॅगेत ठेवू नका. सिंगापूरच्या कायद्यात ज्याच्या ताब्यात अमली पदार्थ सापडला त्याला तो माहीत होता असे गृहीत धरले जाते, आणि तसे नव्हते हे त्यालाच सिद्ध करावे लागते. पंधरा ग्रॅमपेक्षा जास्त हेरॉइनच्या व्यापाराला तेथे देहदंड आहे.

दूतावास काय करू शकतो याबद्दल घरच्यांच्या अपेक्षा फार वेगळ्या असतात. “साहेबांनी एक फोन केला तर सोडतील,” असे मला अनेकांनी म्हटले आहे. सोडणार नाहीत. त्याच व्हिएन्ना कराराच्या कलम ५५ नुसार दूतावासाच्या अधिकाऱ्याने यजमान देशाच्या कायद्याचा मान राखायचा असतो आणि अंतर्गत कारभारात हस्तक्षेप करायचा नसतो. तो तुमचा वकील होत नाही. तो येऊन भेटू शकतो, मारहाण झाली आहे का, औषधे मिळतात का हे पाहू शकतो, त्याची तक्रार तेथील परराष्ट्र खात्याकडे नेऊ शकतो, स्थानिक वकिलांची यादी देऊ शकतो, सुनावणीला हजर राहू शकतो, घरी निरोप पोहोचवू शकतो. २००९ मध्ये सुरू झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून गरजू माणसाला वकिलाचा प्रारंभीचा खर्च देता येतो. हा निधी आपणच दूतावासात भरलेल्या शुल्कांवरच्या छोट्या रकमांतून उभा राहतो, तेव्हा तो मागताना संकोच करण्याचे कारण नाही. घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. ते २०१५ पासून चालू आहे आणि तक्रारीला क्रमांक मिळतो. तो क्रमांक जपा, प्रत्येक पत्रावर लिहा. तुरुंगातले ठिकाण, अटकेची तारीख, पासपोर्ट क्रमांक आणि मुलाच्या एखाद्या सहकाऱ्याचा फोन एवढे दिले तर काम लवकर हलते. नुसते “माझ्या मुलाला वाचवा” असे लिहून हलत नाही, हे मी फार जड मनाने सांगते, कारण आईला दुसरे काही सुचतच नाही.

शिक्षा झालीच, तर ती भारतात येऊन भोगण्याचा मार्ग काही देशांच्या बाबतीत खुला आहे. २००३ चा कैदी प्रत्यावर्तन कायदा आणि त्या त्या देशाशी झालेला करार लागतो. संयुक्त अरब अमिरातीशी तो २०११ मध्ये झाला. निकाल अंतिम झालेला असावा लागतो, साधारण सहा महिने तरी शिक्षा उरलेली असावी लागते, आणि कैद्याची व दोन्ही सरकारांची संमती लागते. अपील करायचे की बदलीचा अर्ज करायचा, हे वकिलाशी बोलून वेळेवर ठरवावे, कारण अपील चालू असेपर्यंत निकाल अंतिम होत नाही.

व्याख्यानानंतरच्या प्रश्नांपैकी दोन येथे देते.

एका आजोबांनी विचारले, की मुलगा आता अमेरिकेचा नागरिक आहे, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते) आहे, त्याला हे सर्व लागू होते का? नाही. ओसीआय म्हणजे भारताचे नागरिकत्व नव्हे. त्याला अमेरिकेत अटक झाली तर तो तेथे परदेशी नाही, आणि दुबईत झाली तर त्याने अमेरिकेचा दूतावास मागायचा. ग्रीन कार्डवर असलेली तुमची सून मात्र अजून भारतीय नागरिक आहे, तिला कलम ३६ पूर्ण लागू आहे. आणि तिने एक जास्तीची काळजी घ्यावी: नागरिक नसलेल्या माणसाने लहानशा गुन्ह्याची कबुली देऊन दंड भरला तरी त्यातून हद्दपारी उद्भवू शकते. आपल्या फौजदारी वकिलाने हा धोका सांगितला पाहिजे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले आहे. इमिग्रेशन न्यायालयात सरकार आपल्या खर्चाने वकील देत नाही, तो स्वतः शोधावा लागतो.

दुसरा प्रश्न मागच्या रांगेतल्या एका ताईंचा होता, आणि तो त्यांनी फार हळू आवाजात विचारला. मुलाने फोनवर सांगितले आहे की दूतावासाला कळवू नका. मग आम्ही कळवावे का? ताई, तुम्ही जरूर कळवा, तुम्हाला तसे करण्यापासून कोणताही कायदा अडवत नाही. पण कलम ३६ च्याच पहिल्या परिच्छेदाच्या शेवटच्या वाक्यात असे आहे, की अटकेतल्या माणसाने स्पष्ट विरोध केला तर दूतावासाच्या अधिकाऱ्याने त्याच्या वतीने काही करू नये. तो हक्क त्याचा आहे, नाकारण्याचाही त्याचाच आहे. म्हणून त्याचा पुन्हा फोन आला तर आधी त्याला हे सांगा, की घरी सगळ्यांना कळले आहे आणि कोणी रागावलेले नाही. पुष्कळ मुले दूतावास नको म्हणतात ती घरी समजेल या भीतीने, आणि कैद्याच्या संमतीशिवाय अधिकारी घरच्यांना सहसा काही सांगत नाहीत, हे त्या मुलांना ठाऊकच नसते.